निरोगी यादीतले तिघे

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागच्या अंगाला एक लांबट प्रयोगशाळा होती. तिथे थेंबताईंनी सव्वीस वर्षं काढली. हे नाव अर्थात मागाहून पडलेलं. एकदा एका नवख्या डॉक्टरने पाठीतल्या पाण्याची नळी त्यांच्या हातात देताना कलंडवली. ताईंनी आधी नळी सावरली, मग शांतपणे म्हणाल्या, "एवढ्या थेंबासाठी तो माणूस गुडघे पोटाशी घेऊन अर्धा तास पडून होता. त्याला जाऊन सांगणार का, की सांडलं म्हणून?" डॉक्टर कानकोंडा झाला आणि ताईंची थेंबताई झाली. सफाईवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले.

पाठीतलं पाणी म्हणजे मेंदू आणि मणका ज्यात तरंगत असतात ते. कमरेशी, दोन मणक्यांच्या मधून बारीक सुई घालून ते काढतात. निरोगी माणसाचं असो नाहीतर आजाऱ्याचं, दिसायला सारखंच, नळाच्या पाण्याहून नितळ. नळी उजेडासमोर धरली तर आत काही आहे की नाही अशी शंका यावी. त्या नितळपणात काय दडलंय ते शोधून काढणं हे ताईंचं काम, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मेंदूच्या विभागात तेव्हा एक मोठा अभ्यास चालू होता. कुणाचे हात थरथरतात, कुणाची चाल आखडते, कुणी चालता चालता ओंडक्यासारखा मागे कोसळतो. या आजारांची सुरुवात इतकी सारखी, की पहिली चार-पाच वर्षं डॉक्टरांचीही गल्लत होते. पाठीतलं पाणी आणि मेंदूची चित्रं ताडून पाहिली तर आजार लवकर ओळखता येईल का, एकातून दुसरा वेगळा काढता येईल का, हे त्या अभ्यासाला पाहायचं होतं. विभागाच्या प्रमुख मॅडम ताईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. बोलणं तुटक, पण बाई कामाला पक्की.

आजारी माणसं अभ्यासाला हवी तेवढी मिळाली. अडलं ते निरोगी माणसांपाशी. धडधाकट माणसाला कोण सांगणार, की या आणि पाठीत सुई टोचून घ्या? साठ जण हवे होते, आणि आकडा बावन्नावर येऊन अडला तो हलेना. शेवटी मॅडमनी हॉस्पिटलातल्याच लोकांना गळ घातली. ताईंना तेव्हा चौपन्नावं चालू होतं. कधी रजा नाही, दोन जिने एका दमात चढणारी बाई. त्या म्हणाल्या, "सव्वीस वर्षं लोकांचं पाणी तपासतेय, एकदा माझं द्यायला काय हरकत?" आणि सही करून मोकळ्या झाल्या. त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, की तपासणीचा निकाल देणाऱ्याला कळवला जाणार नाही. हे वाक्य ताईंनी स्वतः कितीतरी जणांना वाचून दाखवलं होतं.

सुईच्या दिवशी एक बारीकशी गोष्ट घडली. नळ्यांवर आकड्यांची चिकटपट्टी छापणारं यंत्र ऐनवेळी अडकलं. नर्सने कंटाळून एका पट्टीवर हाताने आकडा लिहिला आणि ती ताईंच्या नळीला डकवली. ताई कुशीवर पडल्या होत्या आणि ती नर्स त्यांच्या डोळ्यांसमोरच लिहीत होती. सातच्या आकड्याच्या कमरेला ती आडवी रेघ मारायची. नंतर दोन दिवस ताईंचं डोकं ठणकलं, नवऱ्याने चहा-बिहा करून घातला, आणि विषय तिथेच संपला.

आठ महिन्यांनी गोठवलेल्या नळ्यांचा एक ट्रे बाहेर निघाला. छापील पट्ट्यांच्या रांगेत एकच हाताने लिहिलेली पट्टी, आणि सातच्या कमरेला रेघ.

ताईंनी तिथल्या तिथे उठून मॅडमना सांगायला हवं होतं, की ही माझी नळी आहे, ही दुसऱ्या कुणाकडे द्या. नियम तसाच होता. पण ट्रेमधल्या नळ्या वितळायला लागल्या होत्या, हाताखालची मुलगी रजेवर होती, आणि आपण तर ठणठणीत. मग फरक काय पडतो? निदान त्यांनी स्वतःची तशी समजूत घातली. पुढे मॅडमनी विचारलं तेव्हा मात्र त्यांनी खरं सांगितलं, की थोडी उत्सुकताही होती. आपलं पाणी कसं दिसतं ते पाहायची.

ती तपासणी मोठी चमत्कारिक. आपल्या मेंदूत एक प्रोटीन असतं. आजारात त्याची घडी बिघडते, आणि बिघडलेला कण शेजारच्या धडक्यालाही आपल्यासारखा बिघडवतो. एकाचे दहा, दहाचे हजार. प्रयोगशाळेत तेच करून पाहायचं. छोट्या छोट्या खळग्यांच्या ताटलीत धडकं प्रोटीन घालायचं, त्यात माणसाच्या पाण्याचे काही थेंब सोडायचे आणि ताटली दोन दिवस यंत्रात ठेवायची. यंत्र ती हलवतं, थांबवतं, पुन्हा हलवतं. पाण्यात बिघडलेला एखादा कण जरी असला तरी सगळा खळगा हळूहळू बिघडत जातो, आत घातलेला रंग चमकू लागतो आणि संगणकाच्या पडद्यावर रेघ वर चढते. नसला तर रेघ तळाशी पडून राहते. प्रत्येक माणसासाठी चार खळगे, म्हणजे चार रेघा.

सोमवारी ताईंनी ताटली लावली. बुधवारी सकाळी कोट चढवून पडदा उघडला. सवयीप्रमाणे वरून खाली नजर फिरवत आल्या, आजाऱ्यांच्या रेघा वर, निरोग्यांच्या खाली, आणि आपल्या आकड्यापाशी येऊन थांबल्या. चारही रेघा वर होत्या.

पहिल्यांदा वाटलं, शेजारच्या नळीशी अदलाबदल झाली. वही काढून पाहिलं, झाली नव्हती. मग वाटलं, आपल्याच हातून काहीतरी मिसळलं असेल. सव्वीस वर्षांत असं झालेलं नव्हतं, पण व्हावं अशी त्या दिवशी त्यांची फार इच्छा होती. त्याच नळीतलं उरलेलं पाणी घेऊन त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. शुक्रवारी पुन्हा पडदा उघडला. चारही वर.

निकालाच्या तक्त्यात आपल्या आकड्यापुढचा रकाना त्या बराच वेळ बघत बसल्या. निरोगी माणसाच्या पुढे 'नाही' लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. साठातला एक. त्यांनी 'आहे' लिहिलं, तक्ता बंद केला आणि मोरीवर जाऊन हात धुतले. नळ चालू ठेवून त्या इतका वेळ उभ्या राहिल्या, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने काही सांडलं का म्हणून विचारलं.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातले डबे एकेक करून उघडले. कॉफी, व्हिनेगर, साबणाची नवी वडी. प्रत्येक गोष्ट नाकाशी धरली. कॉफीचा वास येतोय असं वाटलं, पण डोळे मिटून धरली तेव्हा ती कॉफी आहे की लाकडाचा भुसा, सांगता येईना. कधीपासून? मागच्या हिवाळ्यात दूध करपून पातेलं काळं झालं होतं आणि नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला होता. त्या तिथेच, चुलीपासून दोन हातांवर भाजी चिरत बसल्या होत्या. तेव्हा दोघं हसली होती.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. काचा घासणारा, मोजून बोलणारा माणूस. गेलं वर्षभर तो बाहेरच्या खोलीत कोचावर झोपत होता. आपण घोरतो, तुझी झोपमोड होते, असं त्याने कारण दिलं होतं. त्या संध्याकाळी ताईंनी त्याला समोर बसवून विचारलं.

"अहो, खरं सांगा. मी झोपेत काही करते का?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ओरडतेस कधी कधी."

"आणि?"

"हात चालवतेस. कुणाशी तरी भांडल्यासारखी. लाथाही मारतेस."

"ते ओठाला टाके पडले होते, कपाटाचं दार लागलं म्हणालात..."

"दार नव्हतं," तो म्हणाला.

ताई उठून खिडकीशी गेल्या. तो मागून हळूच म्हणाला, की तुला कळलं असतं तर तू झोपायचीच बंद झाली असतीस, म्हणून बोललो नाही. वर्षभर हा माणूस तोंडाला कुलूप लावून कोचावर पाय आखडून झोपला होता. वास जाणं आणि झोपेत हातपाय झाडणं या दोन गोष्टी थरथर सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी येतात, हे ताईंना पाठ होतं. नवऱ्याला त्यांनी त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. आता गुपित ठेवायची पाळी त्यांची होती.

तिथून पुढचे दोन-तीन महिने ताई स्वतःच्याच पाळतीवर राहिल्या. चमचा उचलला की हाताकडे बघायच्या. सही केली की मागच्या वर्षीच्या सहीशी ताडून बघायच्या, अक्षर बारीक तर होत नाही ना? दुकानाच्या काचेत आपली चाल बघता बघता दोनदा लोकांवर आदळल्या. लेक परगावी नोकरीला होती. फोनवर म्हणायची, आई, तू बोलता बोलता मध्येच गप्प का होतेस? ताई म्हणायच्या, अगं दूध उतू जात होतं.

मेंदूच्या विभागाचा व्हरांडा त्यांच्या रोजच्या वाटेवरचा. तिथल्या बाकांवर बसलेली माणसं त्यांनी सव्वीस वर्षं पाहिली होती आणि खरं तर पाहिलीच नव्हती. त्यांच्या लेखी त्या नळ्या होत्या. आता ती माणसं मान वर करून बघत, आणि ताईंना वाटे, हे ओळखीने बघतात. पुतळ्यासारखा चेहरा झालेली एक बाई मांडीवरचा हात दुसऱ्या हाताने दाबून बसलेली असायची. ताई समोरून जाताना ती बारीकशी सरकायची, जणू शेजारी जागा करून देते आहे. ताईंनी तो व्हरांडा सोडला आणि मागच्या जिन्याने यायला लागल्या.

एका दुपारी घरात त्या एकट्याच होत्या. स्वयंपाकघराकडे जाताना मागे सपाता घासत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. त्या थांबल्या, आवाज थांबला. चालायला लागल्या, पुन्हा मागे घासत आला. मग त्यांनी खाली बघितलं. डावा पाय होता, त्यांचाच. उचलून पडत नव्हता, फरशीवरून ओढला जात होता. कोणी परकं असतं तर ताई ओरडल्या असत्या. त्या तशाच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

पण खरी भीती त्यांना गाठायची ती थंड खोलीत. गोठवणाऱ्या कपाटांची ती खोली, खिडकी नाही, एक दिवा आणि यंत्रांची घरघर. तिथे वाकून नळ्या ठेवताना डाव्या खांद्यामागे कुणीतरी उभं आहे असं त्यांना वाटायचं. श्वास नाही, सावली नाही, नुसतं असणं. आगगाडीत शेजारच्या सीटवर कुणी बसलं की न बघता कळतं, तसं. वळलं की कुणी नाही. पुन्हा वाकलं की आहे. भुताखेतांवर ताईंचा काडीचा विश्वास नव्हता, आणि नेमकं म्हणूनच त्यांच्या जिवाचं पाणी व्हायचं. ते बाहेरचं नसेल तर आतलं. आणि आतलं म्हणजे काय, ते त्यांनी चार रेघांत पाहिलं होतं.

शेवटी एका सकाळी त्या मॅडमच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. नळी ओळखली ते, स्वतः तपासली ते, पुन्हा तपासली ते.

"ताई, हे मला अभ्यासाच्या समितीला कळवावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

"कळवा."

"तुम्हाला त्या टेबलावरून हलवावं लागेल."

"हलवा. पण एक सांगा. थंड खोलीत माझ्यामागे कुणीतरी उभं असतं. ते काय आहे?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग एरवी कधी बोलत नसत इतक्या हळू आवाजात त्यांनी सांगितलं, की असं वाटणं या आजारात दिसतं, कधी फार लवकरही. डॉक्टर विचारत नाहीत आणि वेड लागलं म्हणतील या भीतीने माणसं सांगत नाहीत. "तुम्ही भ्रमिष्ट झालेला नाही. मेंदू स्वतःचंच अंग जरा बाजूला मोजतो आहे, असं समजा."

म्हणजे मागे उभी होती ती आपणच. ताईंना हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण जिने जायचं कुठेच नाही अशी ती सोबत होती, हेही त्याच क्षणी कळलं.

मेंदूचं चित्र काढायचं ठरलं. तेव्हा त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो ऐकत राहिला, मग दुकानाला सुटी टाकून बरोबर आला. आधी थायरॉइडला जपायला आयोडिनच्या गोळ्या, मग शिरेत इंजेक्शन, मग तीन-चार तास नुसतं थांबायचं. त्या औषधात किरणं सोडणारा कण असतो. हालचाल सांभाळणाऱ्या पेशींच्या टोकांना तो जाऊन चिकटतो, आणि जिथे पेशी जिवंत तिथे उजेड दिसतो. कॅमेरा डोक्याभोवती अर्धा तास फिरत राहिला. चांगल्या मेंदूत दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखे दोन ठिपके उजळतात, गोल डोकं आणि मागे शेपूट. ताईंच्या चित्रात डाव्या बाजूचा शाबूत होता. उजव्या बाजूच्या ठिपक्याची शेपूट विझत आली होती. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते. डावा पाय, डावा खांदा. नवरा चित्राकडे एकटक बघत होता. आयुष्यभर लोकांना धूसर दिसणारं स्पष्ट करून देणारा माणूस तो. मॅडमना म्हणाला, "काच बदलून काही होणार नाही ना यात?" मॅडम नाही म्हणाल्या. चालत राहा, व्यायाम सोडू नका, थरथर आली की गोळ्या आहेत. थांबवणारं औषध आज नाही.

समितीने ताईंना ताकीद दिली आणि नळ्यांपासून दूर केलं. त्यांनी सुईच्या खोलीत काम मागून घेतलं. कुशीवर वळलेल्या माणसाच्या समोर स्टुलावर बसायचं, त्याचे गुडघे धरायचे, श्वास मोजायला लावायचा. त्या कामात त्यांचं मन रमलं. डावा हात हलायचा कमी झाला होता, पण कुणाचे गुडघे धरून ठेवायला तो पुरत होता.

दीड वर्षाने अभ्यासाचा निबंध छापून आला. मॅडमनी एक प्रत ताईंना दिली. सहाव्या पानावर तक्ता होता. एका ओळीत लिहिलं होतं: निरोगी, साठ, पैकी रेघ चढलेले, तीन.

तीन. त्यातली एक आपण. बाकीचे दोघे कोण?

आणि मग ताईंना आठवलं. त्या दोन्ही रेघा त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या, स्वतःच्या नळीच्या कितीतरी आधी. तेव्हा त्या शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाल्या होत्या, "गंमत बघा, निरोगी म्हणे आणि रेघ कुठे गेलीय." गंमत. या शहरात दोन माणसं चालत होती, पाव विकत घेत होती, पोरांवर ओरडत होती, रात्री शेजारच्याला लाथा मारत होती, आणि त्यांच्याबद्दल त्यांना स्वतःला नव्हतं इतकं ताईंना ठाऊक होतं. आकड्यांसमोरची नावं नर्सच्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटात होती. किल्ली कुठे टांगलेली असते ते सगळ्यांना माहीत होतं. ताई त्या कपाटावरून दिवसातून चार वेळा जात, आणि प्रत्येक वेळी हात कोटाच्या खिशात घालून जात.

त्यांनी मॅडमच्या मागे लकडा लावला. ज्यांनी पाणी दिलं त्या सगळ्यांना पत्र पाठवा. निकाल कळवू नका, फक्त विचारा, कळून घ्यायचं आहे का? मॅडमनी ते समितीपुढे नेलं आणि ताईंनाही बोलावणं आलं. लांब टेबलाच्या पलीकडून एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, "बाई, तुम्हाला असं पत्र आलं असतं तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं?"

खोटं बोलणं तिथे सोपं होतं, आणि त्यांच्याच बाजूचं होतं.

"नको म्हणून लिहिलं असतं," ताई म्हणाल्या. "मला काही कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं आजही रोज वाटतं. पण निदान ते माझं उत्तर असतं. मला कुणी विचारलंच नव्हतं."

पत्रं गेली. बऱ्याच जणांनी नको म्हणून कळवलं, काहींनी हो म्हणून. पुढे एक दिवस मॅडमनी ताईंना खोलीत बोलावून घेतलं. त्या दोघांपैकी एकाने हो म्हटलं होतं, आणि सांगताना ताई जवळ असलेल्या चालतील का, असं त्याला विचारून ठेवलं होतं.

छपरं दुरुस्त करणारा माणूस होता तो. पंचेचाळिशीचा, उन्हाने रापलेला, खुर्चीत न मावणारा. वडील याच आजाराने गेले म्हणून त्याने पाणी दिलं होतं. मॅडमनी सावकाश, एकेक शब्द तोलून सांगितलं: रेघ चढली म्हणजे आजार झालाच असं नाही, कधी होईल ते कुणी सांगू शकत नाही, होईलच असंही ठामपणे म्हणता येत नाही. त्याने सगळं ऐकलं आणि ताईंकडे वळला.

"तुमचीही चढली होती म्हणे."

"हो."

"किती वर्षं झाली?"

"तीन."

"आता काय काय होतं?"

ताईंनी त्याला काही झाकून ठेवलं नाही. वास, झोप, पाय. खांद्यामागच्या त्या उभ्या असणाऱ्याबद्दलही सांगितलं. त्याबरोबर तो खुर्चीत ताठ झाला.

"छपरावर," तो म्हणाला. "दोन महिने झाले. वाटतं माझ्या हाताखालचा माणूस मागे येऊन उभा राहिलाय. हातोडी मागायला हात मागे करतो, तर कुणी नसतं." मग मॅडमना म्हणाला, "मी शिडी चढायची बंद करतो आजपासून. एवढं कळलं ते बरं झालं." उठताना त्याने ताईंचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि जरा जास्तच वेळ धरला. हात थरथरतो का, ते तो बघत होता. ताईंनी बघू दिलं.

पुढे त्याने जमिनीवर पत्रे कापायचं काम धरलं, असं कळलं. दुसऱ्याचं उत्तर मात्र आलंच नाही. दोनदा आठवण पाठवली तरी नाही. न आलेलं उत्तर म्हणजे 'नको' असं धरावं, असं समितीने ठरवलं, आणि ते बरोबरच होतं. पण पत्र पोचलंच नसेल तर? जिन्यातल्या पेटीत जाहिरातींबरोबर पडून राहिलं असेल तर? मॅडमना ते दुसरं माणूस कोण ते माहीत होतं. ताईंनी कधी विचारलं नाही. मॅडमनी कधी सांगितलं नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ताईंनी नोकरी सोडली. बटणं लावायला वेळ लागू लागला होता, आणि गोळ्यांच्या वेळा घड्याळाला बांधल्या गेल्या होत्या. नवरा कोचावरून पुन्हा आतल्या खोलीत आला होता. मध्ये हातभर अंतर ठेवून दोन पलंग लावले होते, आणि झोपेचं औषध थोडंफार लागू पडत होतं. खांद्यामागचं ते कधी असायचं, कधी नसायचं. ताई आता वळून बघत नसत. बघत त्या दुसऱ्याच कुणाला. बसच्या रांगेत एखाद्याचा एकच हात हलत असला, काउंटरवरच्या मुलीची सही अगदी बारीक आली, कुणी फुलांच्या दुकानासमोरून मान न वळवता गेलं, की त्यांचा पाय अडायचा. शहरात अशी कितीतरी माणसं निघाली.

एकदा त्या फळांच्या दुकानात उभ्या होत्या. चाळिशीची एक बाई खरबूज उचलून नाकाशी नेत होती, ठेवत होती, दुसरं उचलत होती. चार-पाच झाल्यावर वैतागून ताईंकडे वळली.

"याला वास येतोय का हो? बघा जरा."

ताईंनी खरबूज हातात घेतलं, नाकाशी धरलं. दुकानदार बाजूलाच होता, त्याला विचारता आलं असतं. त्यांच्या जिभेवर दुसराच प्रश्न आला होता. तुम्ही कधी पाठीतलं पाणी... त्यांनी तो गिळला.

"मला नाही कळत," त्या म्हणाल्या. "माझं नाक गेलंय."

"मग कच्चंच असेल," बाई हसून म्हणाली. तिने तेच खरबूज घेतलं आणि बाहेर पडली. ताई दाराशी येऊन ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिल्या. उजवा हात छान झुलत होता. डाव्या हातात पिशवी होती, त्यामुळे तो हलतोय की नाही ते कळायला मार्ग नव्हता.